बाईंचं देणं

2024 च्या भरतीत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हा नेमणुकीचा कागद आधी आईला दाखवला आणि मग बाईंना. बाई म्हणजे आमच्या वस्तीशाळेच्या बाई. नात्यानं त्या माझ्या चुलत काकू, पण शाळेच्या वेळात काकू म्हटलेलं त्यांना चालत नसे.

आमची वस्ती शिरूर कासार तालुक्यात, डोंगराच्या बाजूला. 1999 मध्ये शिरूर तालुका झाला, तरी वस्तीवरच्या पोरांना गावातली शाळा लांबच राहिली. मधे ओढा होता आणि पावसाळ्यात लहान पोरं पाठवायची कुणाची छाती होत नसे. अशा वस्त्यांसाठी 2000-01 च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा निघाल्या. शिकवायला वस्तीवरचंच कुणीतरी शिकलेलं माणूस घ्यायचं. पदाचं नाव स्वयंसेवक, मानधन सुरुवातीला महिना 1000 रुपये. पुढं त्यांना निमशिक्षक म्हणू लागले. आमच्या वस्तीत बारावी झालेली सून एकच होती. ती बाई झाली.

शिकवायचं कसं, हे त्यांना आधी कुणी शिकवलं नव्हतं. काम करता करता डी.एड. करायची सोय पुढं झाली. दिवसभर शाळा, रात्री स्वाध्याय आणि सुटीत संपर्क वर्ग. मी तिसरीत असताना त्यांचे सरावाचे पाठ चालले होते. म्हणजे बाई आम्हाला शिकवत होत्या आणि आमच्यावरच शिकतही होत्या. हे मला कळलं ते मी स्वतः अध्यापक विद्यालयात गेल्यावर.

एक वजाबाकी मला अजून आठवते. तिसातून सात. मी पाटीवर 37 लिहिलं. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य वजा केलं, असा माझा हिशेब. बाई रागावल्या नाहीत. तुराट्यांचे बोटभर तुकडे करून त्यांनी दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले होते. तीन गठ्ठे माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "सात काड्या दे मला." माझ्याकडं सुटी काडी एकही नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. "मग सोड की सुतळी." एक गठ्ठा सोडला, सात दिल्या, तीन उरल्या, बाजूला दोन गठ्ठे. तेवीस. शाळा सुटल्यावर त्यांनी पाठ टाचणाच्या वहीत त्या दिवसाच्या पाठाखाली लाल पेनानं लिहिलं, की गठ्ठा सोडण्याची कृती पाटीवरच्या उदाहरणाआधी हातानं करून घ्यायला हवी. ही वही त्यांनी मला पुढं दाखवली. पानापानावर असं लाल लिहिलेलं होतं. पाठ तपासायला येणाऱ्या मार्गदर्शकासाठी टाचण लिहितात सगळेच. हे लाल मात्र त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं. पुस्तकातलं रात्री वाचायचं आणि सकाळी दहा वाजता पोरांपुढं पारखून घ्यायचं, अशी पदविका मला फार मोलाची वाटते.

पण माझ्यावरचं खरं ऋण वजाबाकीच्याही पलीकडचं आहे. दसरा झाला की आमच्याकडं ऊसतोडीच्या कोयत्याची गडबड सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबर जातात ती पाडव्यापर्यंत उसाच्या फडात. एका वर्षी माझंही बोचकं बांधून झालं होतं. बाई संध्याकाळी घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "आक्का, ह्याला म्हातारीपाशी राहू द्या. भाकरी कमी पडली तर माझ्या चुलीवर खाईल." आई काही बोलली नाही, पण सकाळी ट्रॅक्टरमध्ये मला चढवलं नाही. आजीला दिसायचं कमी, त्यामुळं त्या हंगामात मी बाईंच्याच चुलीवर जास्त जेवलो. हजार-दोन हजाराच्या मानधनावर चालणारी ती चूल होती, आणि ते मानधनही कधी वेळेवर येत नसे.

2014 मध्ये निमशिक्षकांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं. बाईंना पूर्ण पगार सुरू झाला. मात्र नोकरी मोजली जाते ती तिथून पुढंच. आधीची सगळी वर्षं, ज्यांत त्या शिक्षिका म्हणून घडल्या, हिशेबात नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कामावर राहून शिकणाऱ्या माणसाचं शिकणं आपण पदविकेत धरतो, मग काम का धरत नाही?

हे आज आठवायचं कारण मी शिकवतो त्या शाळेला लागून असलेल्या अंगणवाडीतली ताई. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हापासून बालशिक्षण पोरांच्या अंगणात नेण्याची वाट महाराष्ट्राला माहीत आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम, तोही काम न सोडता, असं म्हटलं आहे. आमच्या ताईला आतापर्यंत मिळालं ते 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. तीन दिवसांत दिशा कळते, हात बसत नाही. म्हणून मी बाईंना विचारलं, ताईला शिकवायला याल का. माझी शाळा त्यांच्या शाळेपासून मोटारसायकलवर जवळ आहे. आता शनिवारी सकाळची शाळा आटोपून त्या येतात. पहिल्याच शनिवारी ताईनं लिहिलेलं टाचण त्यांनी वाचलं, तीनपैकी दोन उद्दिष्टं खोडली आणि म्हणाल्या, "पोरं चार वर्षांची आहेत गं. एकच ठेव, आणि सोमवारी ते साधलं का नाही, ते खाली लिही."