नवे अल्बम आणि माझे ५२ वर्षांचे कान

एरवी मी इथे कानातला मळ, चक्कर, सर्दीनं बसलेला कान अशा विषयांवर लिहितो. आज थोडी मोकळीक घेतो. गेली तीस वर्षं मी इंडी रॉक ऐकतोय. इंडी म्हणजे इंडियन नव्हे, इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलांवर वाढलेलं हे गिटारचं संगीत. घरी त्याला अजूनही ‘तुमचा तो गोंगाट’ म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या अल्बमबद्दल बोलायचं आहे, आणि कानांबद्दलही. माझ्या बाबतीत हे दोन विषय आता वेगळे राहिलेले नाहीत.

आधी सगळ्यात आवडलेला. यो ला टेंगो हा न्यू जर्सीतल्या होबोकेनचा बँड १९८४ पासून वाजवतोय. त्यांचा ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’ २०२३ मध्ये आला. पहिलंच गाणं सात मिनिटांहून लांब. खाली बास आणि ड्रम एका संथ चालीत चालत राहतात, वर गिटार किंचाळत राहते. पण पुढे जॉर्जिया हबली शेजारी बसून बोलल्यासारखी गाते, तेव्हा आवाज कमी-जास्त होण्यातली गंमत कळते. मोठं आणि हळू यांच्यात जागा हवी. व्हँपायर वीकेंडच्या ‘ओन्ली गॉड वॉज अबव्ह अस’ (२०२४) मध्ये गाणी फार हुशार आहेत, पण आवाज मुद्दाम खरखरीत, भरगच्च ठेवलाय. चार गाण्यांनंतर मला थांबावंसं वाटतं. हळू भाग उचलून मोठ्या भागाच्या पातळीला आणायचे, ही रेकॉर्डिंगमधली जुनी खोड आहे. त्यानं प्रत्येकाचा कान बिघडतो असं नाही, पण कानाला मधे विसावा मिळत नाही.

आता माझ्या मताची दुसरी बाजू. एड्रियन लेंकरचा ‘ब्राइट फ्यूचर’ (२०२४) मला सुंदर वाटला, पण शब्दांच्या कडा जरा बोथट वाटल्या. माझ्या मुलीनं त्याच हेडफोनवर, तेवढ्याच आवाजात ऐकला. तिला गायिकेचा श्वास ऐकू येत होता, तारेवर घसरणारं बोटसुद्धा.

मग मी माझा ऑडिओग्राम काढला. ४००० हर्ट्झला रेषा खाली बसलेली, ८००० ला पुन्हा थोडी वर. वयानं कमी होणारं ऐकणं सहसा उतारासारखं दिसतं, वरच्या पट्टीकडे सरळ खाली जाणारं. अशी मधेच पडलेली खाच बहुतेक वेळा मोठ्या आवाजाची खूण असते. हाच आलेख मी ओपीडीत पंचविशीतल्या मुलांसमोर ठेवतो.

हे होतं कसं? आतला कान गोगलगाईच्या शंखासारखा असतो. त्यात केसासारख्या बारीक तंतूंच्या पेशी असतात. वरच्या पट्टीचे सूर शंखाच्या तोंडाजवळ टिपले जातात, खर्जाचे आत टोकाशी. मोठ्या आवाजानं आधी तोंडाजवळच्या पेशी दमतात, मग मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ ही व्यंजनं, झांजेची किणकिण, श्वास, हे सगळं याच भागातलं. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘आवाज येतो हो, पण शब्द कळत नाहीत.’

यावरून एक शंका मला छळते. नॅशनल या बँडचे २०२३ मध्ये दोन अल्बम आले. मला दुसरा, ‘लाफ ट्रॅक’, जास्त सैल आणि जास्त चांगला वाटतो. गायक मॅट बर्निंजर, आवाज खर्जातला. असे गायक मला अलीकडे जास्तच आवडू लागलेत. यात रसिकता किती आणि ऑडिओग्राम किती? प्रामाणिकपणे, सांगता येत नाही.

मग ऐकायचंच नाही का? असं मी कुणालाच सांगत नाही, स्वतःलाही नाही. हिशेब आवाज आणि वेळ या दोन्हींचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९२ ला अडीच तास उरतात, १०१ ला वीस मिनिटंसुद्धा नाहीत. रॉकचा कार्यक्रम सहज शंभरापर्यंत जातो. माय ब्लडी व्हॅलेंटाईन तर २००८ च्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना इअरप्लग वाटत असे. वादकांसाठीचे इअरप्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात, त्यामुळे गाणं मचूळ होत नाही. माझ्या खिशात एक जोडी कायम असते.

कार्यक्रमानंतर कानाला दडे बसले, शीऽ असा आवाज आला, तर तो बहुधा एक-दोन दिवसांत जातो. त्यापेक्षा जास्त टिकला तर तपासून घ्या. पण एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर ‘सर्दी असेल’ म्हणून आठवडा काढू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

शेवटी घरातलं भांडण. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बेटा’ (२०२४) मी महिनाभर ऐकतोय. ब्रास, थोडी लग्नाच्या वरातीची धुंदी आणि सूर्यकांत साहनीचा भारदस्त गळा. मुलीला तो कंटाळवाणा वाटतो. ती रोज रात्री इअरफोन लावून झोपते. तिचा ऑडिओग्राम येत्या शनिवारी आहे.