एका क्रियापदाची दोन अंगं

जुन्या फ्रेंचमधलं 'बोलणे' हे क्रियापद चालवायला घेतलं आणि पहिल्याच तक्त्याशी थबकले. मूळ रूप 'पार्लेर'. मी बोलते म्हणजे 'पारोल', तू 'पारोलेस', तो 'पारोले'. इथवर सरळ. मग आम्ही 'पार्लोंस', तुम्ही 'पार्लेत्स', आणि ते पुन्हा 'पारोलेंत'. मधला 'ओ' दोनच जागी नाहीसा होतो आणि लगेच परत येतो! आजचं फ्रेंच थोडंफार शिकलेल्या माणसाला हे चक्रावून टाकतं, कारण आज 'पार्ल' हे एकच अंग सगळीकडे चालतं. शिवाय आज सहापैकी चार रूपं कानाला सारखीच लागतात. मध्ययुगात शेवटची अक्षरंही उच्चारत, त्यामुळे सहाही रूपं वेगळी ऐकू येत.

कोड्याचा उलगडा लॅटिनमध्ये आहे, आणि त्याहून मागे ग्रीकमध्ये. ग्रीक 'पाराबोले' म्हणजे एकाशेजारी एक ठेवणं, तुलना. बायबल लॅटिनमध्ये आलं तेव्हा येशूने सांगितलेल्या दृष्टान्तांसाठी हाच शब्द 'पाराबोला' म्हणून रुळला. चर्चमध्ये तो इतका कानावर पडू लागला की लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ नुसता 'शब्द', 'बोल' एवढाच उरला. त्यावरून 'पाराबोलारे', म्हणजे बोलणे. जुनं लॅटिन क्रियापद 'लोक्वी' बाजूला पडलं. स्पेनने मात्र वेगळी वाट धरली. तिथलं 'आब्लार' आलं गोष्ट सांगण्याच्या 'फाबुलारी'वरून. दृष्टान्त सांगता सांगता एक मुलूख बोलायला लागला आणि गोष्ट सांगता सांगता शेजारचा, हे कळल्यावर मी बराच वेळ पुढचं पानच उलटलं नाही.

आता तो 'ओ'. 'पाराबोला'तला 'ब' झिजला आणि 'पाराउला' झालं. एकवचनात आणि 'ते'च्या रूपात आघात 'राउ'वर पडायचा. आघातामुळे तो स्वर टिकला आणि पुढे त्याचा 'रो' झाला. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत मात्र आघात शेवटच्या प्रत्ययावर जाई. मधला स्वर बिनआघाताचा झाला की गळून पडायचा, म्हणून 'पार्लोंस'. आपल्याकडे 'कापूस'ला प्रत्यय लागला की 'कापसाचा' होतो, तसंच काहीसं. तिथला 'ऊ' कुठे गेला असं आपण कधी विचारत नाही. हा तक्ता अनियमित नाहीच. लोकांनी कुठे जोर देऊन उच्चार केला आणि कुठे आवाज सोडला, याची ती बिनचूक नोंद आहे.

यानंतर क्रेतिएन द त्र्वाचं बाराव्या शतकातलं 'पर्सेव्हाल' हाती घेतलं. आधुनिक फ्रेंच भाषांतर शेजारी ठेवून, ओळीओळीला अडत. बोलणं या क्रियापदासाठी यापेक्षा चांगलं काव्य मला सापडलं नसतं. जंगलात आईपाशी वाढलेल्या कोवळ्या पर्सेव्हालला गोर्नमान्त नावाचा वडीलधारा योद्धा सरदारकी देतो आणि बजावतो, फार बोलू नकोस. मुलगा ते तंतोतंत पाळतो. फिशर किंग नावाच्या जखमी राजाच्या गढीत रक्त ठिबकणारा भाला त्याच्यासमोरून जातो, ग्रेल नावाचं पात्र जातं, आणि तो एक शब्दही विचारत नाही. विचारलं असतं तर राजा बरा झाला असता. बोलावं की गप्प राहावं, या एका पेचावर हे काव्य फिरतं, आणि ते अपुरंच राहिलं. ते वाचताना 'पारोले' दिसलं की मी दर वेळी थांबते: हे 'तो बोलतो' आहे, की 'शब्द' हे नाम? दोन्ही एकाच अक्षरांत लिहितात. आजूबाजूच्या ओळीच निवाडा करतात.

क्रियापदातून 'पारोल' हे अंग मध्ययुग सरता सरता मागे पडलं, पण त्यातलं नाम राहिलं. ते 'शब्द देणे' या अर्थाने इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्या वर्तमानपत्रांत आलं. कैद्याला 'पॅरोल' मिळतो, तो मुळात त्याने परत येण्याच्या दिलेल्या शब्दावर. दुसऱ्या अंगाचं 'पार्लमेंट', म्हणजे आधी नुसती बोलणी, मग पॅरिसमधलं राजाचं न्यायालय, आणि इंग्लंडात संसद. 'पार्लर' ही मठातली बोलायची खोली होती, कारण इतरत्र भिक्षूंना मौन असे. हे तिन्ही शब्द आपण रोज वापरतो.

सध्या मी 'आमेर', म्हणजे प्रेम करणे, याच्या तक्त्यापाशी आले आहे. तिथे 'एम' आणि 'आमोंस' अशी फूट आहे. कारण पुन्हा तेच, आघाताचं. पण पुढे घडलं ते उलट: इथे एकवचनाच्या अंगाने सगळी रूपं बळकावली आणि 'आमेर'चं 'एमेर' झालं. 'आमूर' या नामाने मात्र जुना 'आ' सोडला नाही. 'पार्लेर'मध्ये अनेकवचनाचं अंग का जिंकलं आणि इथे का हरलं, याच प्रश्नामागे मी आता आहे. वहीत दोन्ही तक्ते शेजारीशेजारी लिहून ठेवले आहेत. पुढचं क्रियापद आहे खाण्याचं, 'मांज्यू' आणि 'मांजोंस'.