परत येणारा आवाज

लातूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर जवळजवळ सात मीटर उंचीची ॲल्युमिनियमची एक काठी उभी आहे. येणारे-जाणारे तिला विजेपासून रक्षण करणारी सळई समजतात. वास्तविक ती आमच्या सिटिझन बँड रेडिओची अँटेना होय. तिची जोडीदारीण वीसेक किलोमीटरवर, औशाला दादांच्या घरावर आहे.

या छंदाचे मूळ एका दुःखद पहाटेत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच निजली होती. त्यांतील हजारो पुन्हा उठली नाहीत. आम्ही तेव्हा नोकरीनिमित्त नांदेडला होतो आणि दादा औशाला. दोन दिवस फोन लागला नाही. दादा सुखरूप असल्याचा निरोप अखेर एका ट्रकचालकाने आणला. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक आपापले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि तारा तुटल्या असताना निरोप पोहोचवू लागले, हे आम्ही पुढे ऐकले व ते मनात घर करून राहिले. २००५ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिटिझन बँडमधील ५ वॅटपर्यंतच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली. निवृत्त होऊन लातूरला आल्यावर आम्ही दोन संच घेतले. एक आम्हांला, एक दादांना.

रात्री आठ वाजता बोलण्याचा परिपाठ पडला. तुरीचा भाव, पाऊस, गुडघ्यांचे दुखणे, असेच विषय. मग एका पावसाळ्यात वडिलांच्या शेताच्या वाटणीवरून आम्हां भावांत शब्दाला शब्द वाढला. तरीही आठवडाभराने आम्ही संच लावून हाक दिली, "दादा, ऐकताय का?" उत्तरादाखल नुसती खरखर. दुसऱ्या रात्री तेच, महिन्याने तेच. दादांनी संच बंद करून ठेवला, असा निष्कर्ष आम्ही काढला. मोबाइल दोघांच्याही खिशात होता. पण आधी कोणी करायचा?

दिवाळीच्या सुमारास नांदेडचे एक वृद्ध रेडिओ मेकॅनिक, आमचे जुने स्नेही, लग्नानिमित्त लातूरला आले. आमची तक्रार ऐकून त्यांनी संच आणि केबल यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर जोडला. काटा तीनच्या पुढे जाऊन पार टोकाला टेकला. "भाऊ, तुमचा आवाज या घराबाहेर पडलेलाच नाही," ते म्हणाले.

त्यांनी समजावले ते असे. संच आणि केबल ५० ओहमच्या हिशेबाने बनविलेले असतात. एवढ्या लांबीच्या काठीचा हिशेब निराळा. दोहोंचा मेळ बसावा म्हणून अँटेनेच्या तळाशी डबीत तांब्याच्या तारेची कॉइल असते. मेळ बिघडला की संचातून निघालेली शक्ती अँटेनेवरून मागे फिरते. मीटर तीन दाखवू लागला तर चौथा हिस्सा परत येतो. आमची तर जवळपास सगळीच परत येत होती. अशा स्थितीत बोलत राहिल्यास संचही जळू शकतो.

आम्ही घाईने मल्टिमीटर लावून पाहिला. केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना चिकटलेली दिसली. केबल गेली म्हणून आम्ही नवी आणायला निघालो, तर त्यांनी हात धरून थांबविले. कॉइलचे एक टोक मुळातच जाळीशी जोडलेले असते. म्हणून साध्या मीटरला निरोगी अँटेनाही शॉर्ट दिसते. सेकंदाला २.७ कोटी वेळा हेलकावणाऱ्या प्रवाहाला मात्र ती तशी नसते. दोष मीटर दाखवीत होता तिथे नव्हताच.

संच बंद करून, शेजारच्या विजेच्या तारांपासून जपत, दोघांनी काठी उतरविली. डबी उघडताच कारण समोर आले. पाणी निथळण्यासाठी तळाला ठेवलेले छिद्र कुंभारीण माशीने चिखलाचे घरटे बांधून बुजविले होते. पावसाचे पाणी आत साचले, आणि कॉइल जिथे काठीला जोडली होती तो स्क्रू हिरव्या कळंकाने खाऊन सुटला होता. घरातील तांब्याची भांडी घासतात तशी आम्ही कॉइल चिंचेने घासली, धुऊन कोरडी केली, तारेचे टोक नव्याने सोल्डर केले आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसविला. छिद्रही बुजवू म्हटले, तर स्नेही म्हणाले, "नको. पाणी कुठून तरी शिरणारच. त्याला बाहेर जायला वाट हवी." म्हणून छिद्र मोकळे करून त्यावर बारीक जाळी लावली. काठी उभी केल्यावर मीटर १.३ वर स्थिरावला. आता शंभरातले दोन भागही परत येत नव्हते.

रात्री आठला आम्ही कापऱ्या आवाजात हाक दिली, "दादा, ऐकताय का?"

क्षणभर खरखर. मग तोच जाडसर आवाज आला, "ऐकतोय. रोज ऐकतोय. कुठे होतास रे इतके दिवस?"

आम्हांला पटकन बोलता येईना. आमची हाक आमच्याच गच्चीवरून मागे फिरत होती आणि आम्ही तिला दादांचे मौन समजत होतो. तिकडे ते रोज संच लावून बसत होते.

शेताची मोजणी अजून व्हायची आहे आणि मतभेदही मिटलेले नाहीत. पण आता ते रात्री आठला बोलून दाखविता येतात. दर पावसाळ्याआधी आम्ही शिडी लावून ती जाळी तपासतो. कुंभारीण आपले काम सोडीत नाही.