साखरेचा पोपट

घटस्थापनेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा दीड महिना बेळगावात राहणाऱ्या माणसाला वेगळा ओळखून द्यावा लागत नाही. चार महिने भिजलेल्या भिंती एकदाच्या वाळू लागतात, गाद्या-गोधड्या गच्चीवर चढतात आणि दुपारचे तिरपे ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येऊन बसते. पंचांगात याला शरद ऋतू म्हणतात. आमच्या सासूबाई याला ‘कैगेलसद दिवसा’ म्हणत, म्हणजे हातकामाचे दिवस. पीठ मळायचे, कागद चिकटवायचे, माती तुडवायची, साखर घोटायची. बसून राहायला मुभा नाही.

कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी मिळते ती दसऱ्याची. पलीकडे चंदगड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलांना ती मिळते दिवाळीची. त्यामुळे आमची मुले मोकळी असतात तेव्हा मावसभावंडे शाळेत, आणि ती इकडे आली की आमची दप्तरे भरलेली. हद्दीच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असणाऱ्या सगळ्यांनाच हा घोळ ठाऊक आहे. दसऱ्याला माझे माहेर आपट्याची पाने देऊन ‘सोनं घ्या’ म्हणते आणि सासूबाईंचे माहेर बन्नीची, म्हणजे शमीची पाने हातावर ठेवून ‘बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण’ म्हणते. झाडे दोन, सोने एकच. आमच्या देवघरात दोन्ही पाने एकाच ताम्हनात पडलेली असतात.

सासूबाई धारवाड तालुक्यातल्या. १९६८ साली एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या बेळगावच्या या मराठी घरात आल्या, तेव्हा त्यांना मराठीतले ‘या’ आणि ‘बसा’ एवढे दोनच शब्द येत होते. बाकीचे मराठी त्यांनी चुलीपुढे, विहिरीवर आणि भाजीबाजारात कमावले. मी सून म्हणून आले तेव्हा त्या माझ्यापेक्षा झणझणीत मराठी बोलत; शेजारणीशी भांडण निघाले तर ते मराठीतच व्हायचे. माझी मुले माझ्या आईला ‘आजी’ म्हणतात आणि त्यांना ‘अज्जी’. फरक एका काना-जोडाक्षराचा, पण हाक कोणाला आहे हे माजघरातूनही कळते.

नानकटाई ही त्यांच्या ताब्यातली गोष्ट. पूर्वी ती कोणी घरी भाजत नसे. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप (त्यात निम्मा डालडा, हे कोणी कबूल करत नसे) डब्यांत भरून बेकरीत न्यायचे आणि नावाची चिठ्ठी देऊन पाळीची वाट पाहायची. पावाला लागते तेवढी आच नानकटाईला सोसत नाही, म्हणून भट्टी जरा उतरली की रात्री उशिरा तिचे पत्रे आत जात. आता आमच्या ओट्यावर छोटी विजेची भट्टी आहे. तूप हाताने फेसण्याचे काम मात्र यंत्राला दिलेले नाही. ते पांढरे, हलके व्हायला हवे. वाटीभर पाण्यात थेंब सोडायचा. तरंगला तर मैदा घालायचा, बुडाला तर पुन्हा फेसायचे. मग जायफळ, चिमूटभर सोडा, १६० अंशांवर वीसेक मिनिटे. बाहेर काढल्यावर ती मऊ लागते म्हणून घाबरून पुन्हा आत ढकलू नये, गार होता होता ती खुसखुशीत होते. ही सगळी ताकीद सासूबाईंची.

आकाशकंदिलाबद्दल फार लिहीत नाही. कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ, एवढ्यावर आमचा धाकटा दोन दिवस गुंतून राहतो. अज्जीच्या कन्नडमध्ये आकाशकंदिलाला ‘आकाशबुट्टी’ म्हणतात. आकाशातली बुट्टी! हा शब्द कळल्यापासून मला आपला ‘कंदील’ जरा सरकारी वाटू लागला आहे.

किल्ल्याचे मात्र सांगायला हवे. बेळगावातल्या दिवाळीच्या किल्ल्यांविषयी बेळगावकरांना काय सांगणार! गल्लोगल्ली पोती, विटा, लाल माती, उतारावर पेरलेले हळीव आणि मोहरी, आणि रात्री ते पाहत फिरणारी माणसे. धाकट्याने आजवर राजगड दोनदा केला, तिन्ही माच्या आणि मधला बालेकिल्ला. २०२४ साली मात्र तो हटून बसला की यंदा कित्तूर करायचा. राणी चन्नम्माच्या सैन्याने २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कंपनीच्या फौजेला हरवले आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला, त्याला त्या वर्षी दोनशे वर्षे होत होती. शाळेत त्याच्यावर निबंध होता. अडचण दोन होत्या. कित्तूर भुईकोट, म्हणजे हळीव पेरायला डोंगरच नाही. आणि दुसरी, समोरच्या काकांनी हसत हसत विचारलेली, ‘अरे, मग महाराजांना बसवणार कुठे?’

उत्तर अज्जींनी दिले. त्यांचे माहेर यादवाडच्या जवळ. तिथल्या मारुतीच्या देवळापाशी एक जुना कोरीव दगड आहे. त्यावर शिवाजी महाराज आहेत, मांडीवर मूल आहे आणि बेळवडीची मल्लम्मा त्यांना दूध देते आहे, असे तिथले लोक सांगतात. दक्षिणेच्या मोहिमेहून परतताना, १६७८च्या सुमारास, महाराजांच्या सैन्याला बेळवडीच्या गढीतून या बाईने कडवी झुंज दिली. मराठी पुस्तकांत ती सावित्रीबाई देसाई म्हणून भेटते, कन्नडमध्ये मल्लम्मा म्हणून. बेळवडी आजच्या बैलहोंगल तालुक्यात आहे. अज्जींनी नातवाला सांगितले, ‘महाराज आमच्याकडं पाहुणे म्हणून आलेते. दारात बसव.’ दीडशे वर्षांचे अंतर होते, पण मी इतिहासाची प्राध्यापक नाही, गप्प राहिले. कित्तूरच्या वेशीत महाराज सिंहासनावर बसले आणि त्यांच्यापुढे दुधाची म्हणून बुचाएवढी वाटी ठेवली गेली. किल्ला पाहायला आलेल्यांपैकी काही जण मान हलवून गेले, काही जण गोष्ट ऐकायला थांबले.

ती गोष्ट अज्जींनी निम्मी मराठीत आणि निम्मी कन्नडमध्ये सांगितली होती. तेव्हा आमच्या लक्षात यायला हवे तेवढे आले होते. विसराळूपणा २०२३च्या दिवाळीनंतर सुरू झाला. आधी चष्मा आणि किल्ल्या, मग दुधाचा हिशेब, मग ओळखीच्या रस्त्याचे वळण. आणि त्याबरोबर मराठी जाऊ लागले. आधी नवे शब्द गेले, मग रोजचे. ‘पाणी दे’ऐवजी ‘नीर कोडु’. डॉक्टरांनी सांगितले की या आजारात पुष्कळदा असे होते. मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते, आईच्या तोंडून ऐकलेली शेवटपर्यंत टिकते. त्यांनी हे शांतपणे सांगितले, कारण त्यांनी ते अनेकांना सांगितले असणार. मी मात्र घरी येताना रिक्षात हिशेब करत होते की सत्तावन्न वर्षांचे मराठी म्हणजे आमचे सगळे घरच की.

माझे कन्नड कामापुरते. बसच्या पाट्या, बँक आणि भाजी. मुलांचे शाळेमुळे चांगले, पण पुस्तकी. अज्जी धारवाडकडचे बोलतात, ‘एन माडाकत्ती’ वगैरे, आणि मुले वर्गातल्यासारखे ‘एनु माडुत्तिद्दीरि’. त्या नातवंडांकडे पाहून हसायच्या, जणू कोणी सरकारी माणूस दारात आला आहे. लेकीने मग सरळ त्यांच्यासारखे बोलायला सुरुवात केली. आता ती बारावीला आहे. एका दुपारी अज्जींनी तिलाच विचारले, ‘नी यार मगळवा?’ तू कोणाची मुलगी गं? तिने माझे नाव सांगितले नाही, वडिलांचेही नाही. म्हणाली, ‘निम्माकीन, अज्जी.’ तुमचीच. आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ किल्ल्याच्या मातीला पाणी घालत बसली.

२०२५ साली कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. कन्नड घरांत ही गौरी हुण्णिमी. या पौर्णिमेला उत्तर कर्नाटकात साखरेच्या चित्रांची ‘सक्करी आरती’ करतात. मुली ती तबकात मांडून गौरीला ओवाळतात. लग्न ठरलेल्या मुलीला सासरकडून साडी, फुले आणि सक्करी आरती जाते. सासूबाईंचे लग्न ठरले तेव्हा इकडच्या मराठी मंडळींना यातले काहीच ठाऊक नव्हते. पौर्णिमा उलटून गेली, माहेरी कुजबुज सुरू झाली, आणि शेवटी मध्यस्थाने धावपळ करून निरोप आणला. मग सासरे स्वतः सायकलवरून बाजारात गेले आणि एकच एक साखरेचा पोपट घेऊन आले. तबकभर आरतीच्या जागी एक पोपट! ही गोष्ट सासूबाई दरवर्षी सांगत आणि सासरे दरवर्षी उठून बाहेर जात. लग्नात त्यांनी माहेरून लाकडी साचे आणले, परत अशी वेळ या घरावर येऊ नये म्हणून. दोन फाळ्यांचे, खुंट्यांनी जुळणारे साचे: गिणी म्हणजे पोपट, आनी म्हणजे हत्ती, कुदुरी म्हणजे घोडा, एक उंट, एक तुळशीवृंदावन आणि एक गोपुर.

यंदा करायचे की नाही, असा प्रश्न होता. गरम पाक, आणि त्यांचा हात. शेवटी १ नोव्हेंबर हा दिवस ठरला, तोही दुसऱ्याच कारणाने. १९५६ साली याच दिवशी भाषावार राज्यरचना अमलात आली, आणि तेव्हापासून आमच्या गावात हा दिवस दोन तऱ्हांनी येतो. एका रस्त्याने लाल-पिवळ्या झेंड्यांची राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला काळा दिवस. त्या दिवशी आम्ही मुलांना घराबाहेर पाठवत नाही. ज्यांच्या घरात माझ्यासारखी दोन्हीकडची माणसे एका ताटाभोवती बसतात, त्यांना का ते विचारावे लागणार नाही.

साचे आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवले होते. कोरड्या लाकडाला साखर धरून बसते. सकाळी ते जोडून दोऱ्याने घट्ट बांधले. साखरेत ती बुडेल एवढे पाणी, उकळी आली की चमचाभर दूध; मळी वर येते ती काढायची आणि पाक कपड्यातून गाळायचा. इथपर्यंत मी केले. मग पुन्हा पातेले आचेवर. अज्जी खुर्चीत बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी मला दोनदा ‘अक्का’ म्हटले होते, म्हणजे मी त्यांची थोरली बहीण झाले होते. पाकाचा वास बदलला तशी त्यांनी मान वळवली.

‘तडी,’ म्हणाल्या. थांब.

लेक त्यांच्याजवळ चमचा घेऊन गेली. त्यांनी गार झालेला थेंब अंगठा आणि बोट यांत धरला, ओढला, पाहिला. ‘इन्ना बंदिल्ल.’ अजून आला नाही. आणखी चार-पाच मिनिटांनी पुन्हा थेंब, पुन्हा बोटे. ‘आतु. इळसवा.’ झाला, उतरव. मी मोबाईलवर कृती वाचून ठेवली होती, ती बाजूला राहिली. उतरवल्यावर पातेल्याच्या कडेला पाक घोटायचा असतो, तो पांढुरका होऊ लागला की घाई करून साच्यांत ओतायचा. उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो. घोटणी मी त्यांच्या हातात दिली आणि पातेले दोन्ही फडक्यांनी घट्ट धरले. त्या घोटत होत्या आणि ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होत्या. हा शब्द त्या कोणत्या भाषेत म्हणत होत्या, हे सांगता येणार नाही. तो दोन्हीकडे सारखाच आहे. ‘पाक’ही तसाच.

मधेच बाहेरून ध्वनिक्षेपकाचा आणि ढोलांचा आवाज आला. अज्जींनी कान दिला आणि विचारले, ‘यारदर मदवी ऐतेनु?’ कोणाचे लग्न आहे का? धाकटा म्हणाला, ‘हौद अज्जी.’ हो. त्यावर त्यांना समाधान वाटले.

फोटो लेकीने काढले. आमच्या घरात फोटोची हौस सासऱ्यांची. त्यांच्याकडे ‘आगफा क्लिक थ्री’ होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि तो रोल दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचा. त्यामुळे त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत उगाच काढलेला एकही नाही. प्रत्येकाच्या पाठीमागे त्यांच्या मोडीवळणाच्या अक्षरात नावे, आणि खाली सासूबाईंनी कन्नडमध्ये तीच नावे पुन्हा लिहिलेली. लेकीने त्या एका सकाळी मोबाईलवर तीनशेच्या वर फोटो काढले. मी तिला म्हटले, यातले बारा निवड. ती चिडली, मग दोन दिवस निवडत बसली. चेहऱ्याचे फोटो तिने जवळजवळ सगळे बाजूला काढले. त्यांत अज्जी हरवल्यासारख्या दिसत होत्या. राहिले ते हातांचे. थेंब ओढणारी बोटे, दोऱ्याची गाठ, साच्याच्या फाळ्या उघडताना टेकलेला अंगठा, आणि तळहातावर पांढराशुभ्र, एक पंख किंचित मोडलेला पोपट.

बाराही छापून आणले. अज्जींना दाखवले तेव्हा त्या पोपटाच्या फोटोवर थांबल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. कशाला, ते त्यांनी सांगितले नाही. सायकलवरून आलेला तो दुसरा पोपट त्यांना आठवला असे मला वाटते; हे म्हणतात, तसे काही नाही, गोड दिसले म्हणून हसली.

फोटोंच्या पाठीमागे लेकीने मराठीत लिहिले, धाकट्याने खाली कन्नडमध्ये. ‘इन्ना बंदिल्ल’ म्हणजे किती मिनिटे आणि ‘आतु’ म्हणजे थेंब कसा, हेही तिने एका कागदावर उतरवून साच्यांच्या पेटीत ठेवले आहे. साचे धुऊन, सावलीत वाळवून, तेलाचा हात फिरवून जुन्या धोतरात गुंडाळले. हत्तीच्या साच्याची एक खुंटी तुटली आहे. पुढच्या पौर्णिमेच्या आत ती सुताराकडून बसवून घ्यायची आहे.