मामांना कुणी सांगितलंच नाही!

मेसच्या कूपनचं ॲप आम्ही तिघांनी दोन महिने रात्री जागून बनवलं. लाँचला केक कापला, फोटो काढले. रात्री जेवायला गेलो, तर काउंटरवरचे मामा म्हणाले, "मोबाईल काय दाखवतोस? कूपन दे." मागे ही लांब लाइन, आणि बोलणी खात होते बिचारे मामा! ऑफिसमधल्या मॅडमनाही काही माहीत नव्हतं.

२००८ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ सुरू झालं, तेव्हा हजारो बॅगा अडकल्या. कर्मचाऱ्यांचं अपुरं ट्रेनिंग हे त्याचं एक कारण होतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांशेजारी बसलो. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नेट गेलं तर?" आमच्या टेस्टिंगमध्ये हा प्रश्नच नव्हता! मित्रांनो, पुढच्या वेळी केक नंतर, आधी मामा.