मुंबई ते लंडन : अंतराचा जमाखर्च

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. जाताना थेट विमानास साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना नऊच्या आसपास. अंतर तेच, परंतु उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना वाट अडवतात आणि येताना पाठीशी राहतात.

गेल्या वर्षी ही माहिती मी मातोश्रींना सांगितली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "अरे, मग त्या दिवशी सूर्य मावळणार कधी?"

मातोश्रींचे वय चौऱ्याहत्तर. धाकटी बहीण लंडनला असते. तिची तीन वर्षांची मुलगी आजीने केवळ फोनवर पाहिलेली. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम मातोश्रींनी पन्नास वर्षांत मोडला नव्हता. तो प्रवासात मोडेल या धास्तीने जाणे दोनदा रद्द झाले होते.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. १८६९ साली सुएझ कालवा खुला होईपर्यंत जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो व जिनिव्हा येथे थांबत. अंतर तेवढेच राहिले, वेळ मात्र आटला.

मी वही घेऊन बसलो. प्रवास जूनअखेरचा, उड्डाण दुपारी दीडचे. मुंबईत सूर्योदय सकाळी सहाच्या सुमारास. लंडनला सूर्यास्त रात्री नऊ वीसच्या सुमारास. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे मातोश्रींचा तो दिवस जवळजवळ वीस तासांचा! विमान सूर्याच्या मागोमाग जात असल्याने वाटेत सूर्यास्त होणारच नव्हता. डिसेंबरात मात्र लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा हेच विमान वाटेतच अंधारात शिरते.

हिशेब पटला आणि आम्ही निघालो. मुंबईच्या वेळेने सव्वासात होताच मातोश्रींनी खाकऱ्यांचा डबा बंद केला. खिडकीबाहेर लख्ख ऊन होते.

"आई, अजून सूर्य आहे," मी म्हणालो.

"आहे ना. पण माझा दिवस मुंबईत उगवला, तो मुंबईच्याच घड्याळाने मावळू दे."

लंडनला उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, ऊन तसेच. नात धावत आली आणि तिने हातातले सफरचंद आजीपुढे धरले. मातोश्रींनी ते पदरात घेतले. "उद्या सकाळी दोघी मिळून खाऊ," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लंडनचा सूर्य मानला.

महिन्याने परतलो. जाताना जमा झालेले साडेचार तास येताना खर्ची पडले, वही जुळली. भेटीविना गेलेली तीन वर्षे मात्र कोणत्याच बाजूला मांडता आली नाहीत.

वडीलधाऱ्यांना परदेशी न्यायचे असेल, तर तिकिटाच्या दराबरोबर सूर्याची वेळही पाहावी. त्यांची पुष्कळशी धास्ती कागदावरच फिटते, आणि कागद मांडायला एक संध्याकाळ पुरते.