बोगाँग

तपकिरी अंग, पुढच्या पंखांवर फिकट ठिपके, वजन ग्रॅमच्या एक तृतीयांशाएवढं. दिव्यापाशी घिरट्या घालताना दिसला तर कुणी मान वळवून पाहणार नाही. पण ऑस्ट्रेलियाचा हा बोगाँग पतंग हजारेक किलोमीटर उडतो, तेही रात्री आणि कधीच न पाहिलेल्या ठिकाणी. तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्याला वाट दाखवतात.

जन्म क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्सच्या कोरड्या मैदानांतला. तिथं अळी होऊन तो रात्री मातीबाहेर येतो आणि कोवळी रोपं खातो. आपल्याकडे हरभऱ्याची रोपं जमिनीलगत कुरतडणारी अळी म्हणजे त्याचीच भावकी. पतंग झाला की ऊन तापायच्या आत तो ऑस्ट्रेलियन आल्प्समधल्या गार गुहा गाठतो. तिथं कातळावर, एकाच्या पंखाखाली दुसऱ्याचं डोकं, कौलं रचावीत तसे हे पतंग बसतात. चौरस मीटरला सुमारे १७,०००. सगळा उन्हाळा अंगच्या चरबीवर निघतो. या चरबीसाठीच तिथले आदिवासी पिढ्यानपिढ्या डोंगरावर जमत आणि पतंग भाजून खात.

त्या अंगातून आणखीही काही वर चढतं. मुसळधार पावसात एका गुहेतले मेलेले पतंग बाहेर वाहून आले आणि ते साचले तिथलं गवत जळून गेलं. मातीत सापडला सोमल, म्हणजे आर्सेनिक. खालच्या शेतजमिनींतून पतंगांनीच तो आणला, असं संशोधकांनी २००१ साली मांडलं. एकेका पतंगात तो अगदी किंचित; पण लाखो पतंग दरवर्षी त्याच गुहेत येतात, त्यातले काही तिथंच मरतात आणि विष साठत जातं. यात पतंगाचा काय दोष? मातीत जे होतं तेच त्याच्या पोटात गेलं.

वर त्याची वाट पाहत असतो डोंगरी पिग्मी पॉसम. मुठीत मावेल एवढा हा प्राणी नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९६६ साली तो जिवंत सापडला. बर्फाखालची झोप संपली की त्याला हेच पतंग लागतात. त्याच्या विष्ठेतही आर्सेनिक आढळलं. तरी पतंग न येणं त्याहून वाईट. २०१७ पासूनच्या दुष्काळात मैदानं करपली, गुहा ओस पडल्या आणि पॉसमच्या माद्यांच्या पोटावरच्या पिशवीत पिल्लं मेली. २०२१ मध्ये बोगाँगचंच नाव धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत गेलं. गुहांना कितीही संरक्षण दिलं तरी पॉसमचं ताट वाढलं जातं ते खालच्या शेतांत, आणि तिथल्या फवारणीवर कुणी पॉसमचा विचार करून बंधन घालताना मला दिसत नाही.